कारागिराची नजर आणि गिऱ्हाइकाचे दुःख



 या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून गेली आहेत. आमचे शिक्षण सातव्या इयत्तेपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, संघटनेच्या बैठकांत आणि कायद्याची पुस्तके चाळताना झाले. तेव्हा आपण पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. हिशेब मात्र चोख देऊ. कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या माणसाला तेवढी सवय असतेच.

विषयाचे नाव वाचून काही मंडळींच्या भुवया उंचावल्या, असे कानावर आले. घरातली मारहाण हा पोलिसांचा, वकिलांचा, फार तर समाजसेविकांचा विषय. त्यात सलूनमधल्या कारागिराचे आणि पार्लरमधल्या मुलीचे काय काम? प्रश्न रास्त आहे. तथापि त्या उंचावलेल्या भुवया ज्या मुली कोरतात, त्यांना या प्रश्नाचे उत्तर फार दिवसांपासून ठाऊक आहे. ते त्यांना कोणी विचारले नाही, एवढेच.

प्रथम आकडे सांगतो. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. तिच्यात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरातील सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्याच पाहणीतला दुसरा आकडा आम्हांस अधिक बोचतो. शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांपैकी शंभरातील केवळ १४ जणींनी कोणाची तरी मदत मागितली होती. उरलेल्या ८६ पोलीस ठाण्यात गेल्या नाहीत, न्यायालयात गेल्या नाहीत, कित्येकींनी माहेरीही शब्द काढला नाही. पण त्या कोठे ना कोठे जात होत्याच. बाजारात जात होत्या, देवळात जात होत्या, आणि सणासुदीला, लग्नकार्याला, महिन्या-दोन महिन्यांनी केस कापायला, भुवया करायला पार्लरमध्येही जात होत्या.

आता या धंद्याचे स्वरूप पाहा. डॉक्टर अंगाला हात लावतो तो रोगी म्हणून, आणि पाच मिनिटांत पुढच्याला हाक मारतो. केसांचा कारागीर अर्धा तास, तासभर गिऱ्हाइकाच्या डोक्याला, मानेला, खांद्याला हात लावून उभा असतो. तीच बाई त्याच मुलीकडे चार-चार, पाच-पाच वर्षे येते. बायकांच्या पार्लरात नवरा सहसा आत येत नाही, सासू येत नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हांस एका जुन्या कारागिराने दाखवून दिली. खुर्चीवर बसलेले माणूस आपल्याशी आरशातून बोलते. समोरासमोर नजर भिडवून जी गोष्ट तोंडातून निघत नाही, ती आरशाकडे पाहत निघते. ही सोय न्यायालयात नाही आणि इस्पितळातही नाही.

ही गोष्ट ओळखून प्रथम काम झाले ते अमेरिकेत. या शतकाच्या आरंभी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम परिसरात काही मंडळींनी केशभूषा करणाऱ्या कारागिरांना घरगुती अत्याचाराची लक्षणे शिकवायला प्रारंभ केला. उपक्रमाचे नाव ठेवले ‘कट इट आउट’. म्हणजे ‘कापून टाका’ आणि ‘पुरे करा हे’ असा दुहेरी अर्थ. सलूनच्या स्वच्छतागृहात मदतीच्या दूरध्वनी क्रमांकाचे पत्रक लावायचे, कारण तेथे बाई एकटी असते. पुढे हे लोण त्या देशभर गेले. त्यानंतर इलिनॉय राज्याने थेट कायदाच केला. तो १ जानेवारी २०१७ पासून अमलात आला. शिकागो शहर ज्या राज्यात आहे, ते हे राज्य. तेथे केस कापायला, वेण्या घालायला, नखांची निगा राखायलाही सरकारी परवाना लागतो आणि ठरावीक मुदतीने तो नवा करून घ्यावा लागतो. कायद्याने सांगितले की, परवाना नवा करताना कौटुंबिक व लैंगिक अत्याचार ओळखण्याचा एक तासाचा पाठ घेतला पाहिजे. असा नियम करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. २०२२ पासून टेनेसी राज्यातही अशी सक्ती आहे.

पण या कायद्यात जे लिहिले आहे त्याहून, त्याने जे लिहायचे टाळले, ते आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. त्याने कारागिराला पोलीस केले नाही. पाहिलेले कळवलेच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर केली नाही; आणि कळवले वा न कळवले म्हणून कोणी त्याला न्यायालयात खेचू नये, अशी तजवीज ठेवली. त्याने पाहावे, ऐकावे आणि मदत कोठे मिळते ते सांगावे. पुढे जायचे की नाही, आणि केव्हा जायचे, हे त्या बाईनेच ठरवायचे.

कोणी म्हणेल, एका तासात काय शिकणार? त्यावर आमचे म्हणणे असे की, नजर शिकवावी लागतच नाही. ती कारागिराजवळ असतेच. तिला फक्त नाव द्यायचे असते. चाई पडलेली जागा कशी गोल आणि गुळगुळीत असते, हे केसांत हात घालणाऱ्या कोणालाही कळते. केस ओढून उपटलेली जागा तशी नसते. तेथे तुटके, आखूड-लांब खुंट राहतात, टाळू हुळहुळते आणि फणी लागताच बाई आक्रसते. पडून लागलेला मार गुडघ्याला, कोपराला, तळहाताला असतो. दंडाच्या आतल्या बाजूला, कानामागे, मानेवर बोटांचे वळ उठले असतील तर ते पडून उठत नाहीत. मानेवरच्या खुणेबद्दल तर फार जपले पाहिजे. ज्या घरात एकदा गळा आवळला गेला, त्या घरात पुढे जिवावर बेतण्याची भीती अनेक पटींनी वाढते, असे या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात.

शिवाय सगळ्याच खुणा अंगावर नसतात. अर्ध्या तासात नवऱ्याचे सहा फोन येतात आणि प्रत्येक वेळी बाईचा आवाज बदलतो. वर्षानुवर्षे लांब केस ठेवणारी एकाएकी म्हणते, “ताई, इतके बारीक कापा की कोणाच्या मुठीत यायला नकोत.” चांगल्या पगाराची नोकरी असून थ्रेडिंगच्या पैशांसाठी घरी विचारावे लागते. ठरवलेली वेळ तीनदा रद्द होते आणि चौथ्यांदा बाई येते ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून, वैशाखात. यातली कोणतीही एक खूण म्हणजे पुरावा नव्हे. बाई खरोखरच मोरीत घसरून पडलेली असू शकते. म्हणून शिकवायचे ते एवढेच, की खुणा जुळू लागल्या तर तर्क लढवत बसू नये. आडोसा पाहून, हळू आवाजात, साधा प्रश्न विचारावा. “वहिनी, घरी सगळे बरे आहे ना? काही असेल तर मी ऐकते आहे.” ती नाही म्हणाली तर तेथे थांबावे. ती सांगू लागली तर हातातले काम क्षणभर थांबवून ऐकावे, आणि तीन वाक्ये बोलावीत: तुमच्यावर माझा विश्वास आहे; यात तुमची चूक नाही; मदत मिळण्याची जागा मला ठाऊक आहे.

काय बोलू नये, तेही शिकले पाहिजे. “मग सोडून का देत नाही त्याला?” हा प्रश्न आपण सर्वजण विचारतो. त्यात बाईचाच दोष असल्याचा सूर असतो. शिवाय घर सोडण्याचा काळ हाच पुष्कळदा सर्वांत धोक्याचा असतो. त्यासाठी आधी तयारी लागते, जागा लागते, कागदपत्रे लागतात. तसेच मदतीच्या क्रमांकाची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये कोंबू नये. ती नवऱ्याच्या हाती पडली तर त्या रात्री काय होईल, ते तिलाच ठाऊक. क्रमांक पाठ करायला सांगावा, नाहीतर मोबाईलमध्ये दुसऱ्या एखाद्या नावाने साठवून द्यावा. आणि तिच्या नवऱ्याला गाठून चार शब्द सुनावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सुनावणारा घरी जातो. त्याची किंमत बाई मोजते.

ही झाली परदेशातली रीत. पण या कारागिरांच्या हातून असे काम होणे आपल्याकडे अगदी नवे आहे, असे समजू नये. १८९० साली मुंबईतल्या नाभिक कारागिरांनी एकत्र येऊन, विधवांच्या केशवपनाचे काम आम्ही करणार नाही, असा निर्धार केला. त्यामागे सत्यशोधक चळवळीची प्रेरणा होती आणि नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. ज्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० च्या जूनमध्ये त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली, तेच हे लोखंडे. आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रजेसाठी भांडणारा माणूस विधवेच्या केसांसाठीही उभा राहिला, आणि ज्याचे पोट त्या वस्तऱ्यावर होते त्याने मिळणारे पैसे नाकारून वस्तरा खाली ठेवला. अन्यायाला आपला हात लागतो आहे, हे त्या कारागिरांनी ओळखले. आज कारागिराचा हात अन्यायाला लागत नाही. पण अन्यायाची खूण मात्र त्याच्या हाताला लागते.

ओळखायला शिकवण्याचा प्रयोगही महाराष्ट्रात झालेला आहे. २००० साली वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ नावाचे केंद्र सुरू झाले. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी ते मिळून उभारले. “पडले”, “भाजले”, “चुकून औषध प्याले” असे सांगत येणाऱ्या बायकांमागची खरी गोष्ट ओळखायला तेथे परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकवले गेले. पुढे असे काम इतर रुग्णालयांतही गेले. मग जे परिचारिकेला शिकवता येते, ते पार्लरमधल्या मुलीला का शिकवता येऊ नये? परिचारिकेकडे बाई हाड मोडल्यावर येते. पार्लरात ती त्याआधी येते.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. हात उगारणे एवढेच तो अत्याचार मानत नाही. शिवीगाळ, अपमान, पैशांची कोंडी हेही त्यात येते. त्याचे चौथे कलम आमच्या कामाचे आहे. असा अत्याचार झाला, होत आहे वा होईल, असे मानण्यास ज्याला कारण आहे, असा कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. आणि ज्याने सद्भावनेने कळवले, त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘कळवू शकतो’ असे शब्द आहेत, सक्ती नाही. जी गोष्ट इलिनॉयने २०१७ पासून अमलात आणली, तिचा पाया आपल्या कायद्यात आधीच घातलेला आहे. अपवाद मुलांचा. अठरा वर्षांखालच्या मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेथे गुपित राखण्याची सवलत नाही. क्रमांक ध्यानात ठेवायला सोपे आहेत. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, सलून म्हणजे गावगप्पांचा अड्डा. तेथे बाईचे दुःख सांगितले तर संध्याकाळपर्यंत चौकात पोहोचेल. ही भीती अगदीच खोटी नाही, आणि म्हणूनच शिक्षण हवे. गुपित राखणे हा कारागिरीचाच भाग आहे. कोणाचे केस रंगवलेले आहेत आणि कोणाच्या डोक्यावर टोप आहे, हे आपल्या गावातल्या कारागिरांनी आजवर कोठे फोडले? या सभागृहातही ज्यांना त्याचा अनुभव असेल, त्यांनी मनातल्या मनात साक्ष द्यावी.

दुसरा आक्षेप, याने घरे मोडतील. संसार टिकावेत असे आम्हांसही वाटते. परंतु ज्या घरात रोज मार बसतो, ते घर पार्लरमधल्या दोन शब्दांनी मोडत नाही. ते आधीच मोडलेले असते.

तिसरा आक्षेप मात्र आमचाच आहे, आणि तो आपण गांभीर्याने घ्यावा अशी विनंती आहे. या मुली कोण आहेत? बहुतेक सलोने आणि पार्लरे दोन-चार माणसांची. पगार तुटपुंजा, बाकी कमिशन. दिवसभर उभे राहून पाय सुजतात. आजारपणाची रजा नाही. अलीकडे मोबाईलवर मागणी नोंदवून घरोघर जाणाऱ्या मुली आल्या. त्यांना तर गिऱ्हाइकाच्या घरातच बसून काम करावे लागते, आणि नवरा शेजारच्या खोलीत असतो. त्याने एक चांदणी कमी दिली तर मुलीचे काम घटते. कमिशन आणि हे चांदण्यांचे गुण यांविरुद्ध २०२१ साली गुरुग्राम येथे अशा महिला कामगारांना धरणे धरावे लागले होते. अशा मुलीला आपण म्हणणार, “बाई, आता समाजाचे दुःखही तूच ऐक”. आणि त्या वेळेचे पैसे कोण देणार? तिने ऐकले आणि नवरा दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला, तर तिच्या पाठीशी कोण? आणि जो आकडा आम्ही आरंभी सांगितला, त्यात या मुलीही आहेत. दुसरीच्या मानेवरचे वळ पाहताना जिची स्वतःची ओढणी सरकायला नको असते, अशा मुलींना आम्ही ओळखतो. शिकवणीच्या वर्गात प्रथम त्यांचेच तोंड उघडते, आणि ते योग्यच आहे.

म्हणून आमचा आग्रह असा की, हे काम धर्मादाय म्हणून कारागिराच्या गळ्यात मारू नये. धंद्याचा भाग म्हणून, धंद्याच्या अटींवर व्हावे. शिकवणीचा तास हा कामाचा तास धरावा आणि त्याची मजुरी मिळावी. एकटीने ओझे वाहू नये. जे ऐकले ते नावगाव न सांगता जिच्यापाशी बोलता येईल, अशी एखादी अनुभवी समुपदेशक बाई प्रत्येक गटाला नेमून द्यावी. कारागिराला त्रास झाला तर मालकाने आणि संघटनेने उभे राहावे. घरोघर जाणाऱ्या मुलीने गिऱ्हाइकाच्या घरात प्रश्न विचारू नये, आधी स्वतः सुखरूप बाहेर पडावे, हे तिला स्पष्ट शिकवावे. आणि अशा प्रसंगी मिळालेल्या चांदण्या तिच्या हिशेबात धरू नयेत.

पुरुषांच्या सलूनविषयी दोन शब्द बोललो नाही, तर अर्धी गोष्ट राहील. मार खाणारी पार्लरात येते, तसा मारणारा सलूनच्या खुर्चीवर येतो. तो तेथे दाढी करता करता बढाई मारतो, “काल जरा दाखवला हिसका.” दुकानातले चौघे हसतात. त्या हसण्याने त्याला जो आधार मिळतो, तो कोणताही कायदा काढून घेऊ शकत नाही. पण न हसणारा कारागीर काढून घेऊ शकतो. “दादा, हे काही बरे नाही केलेत,” एवढे म्हणून त्याने वस्तरा चालवत राहावे. गालावर वस्तरा असताना फारसे कोणी वाद घालत नाही. तेवढे मात्र बढाई मारणाऱ्यापुरते. ज्याच्या बायकोचे दुःख आपल्या कानी दुसरीकडून आले, त्याला एक अक्षरही बोलू नये. त्याच खुर्चीवर कधी थरथरत्या हातांचे आजोबा येतात आणि दंडावरचा काळानिळा डाग झाकतात. त्यांनाही मुलगा-सुनेबद्दल बोलायला आरसाच बरा वाटतो. वृद्धांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

आपल्याकडे इलिनॉयसारखा परवाना नाही, मग हा तास बसवायचा कोठे? सौंदर्योपचाराचे वर्ग सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत चालतात, खाजगी चालतात, बचतगटांसाठी चालतात. त्या प्रत्येक वर्गात हा एक पाठ घालता येईल. जे आधीपासून धंद्यात आहेत, त्यांच्यासाठी आठवड्याच्या सुटीच्या आदल्या संध्याकाळी दुकान एक तास लवकर बंद करून वर्ग भरवता येईल. त्या तासाची मजुरी मालकांची मंडळे आणि नगरपालिका यांनी वाटून घ्यावी. शिकवायला जिल्ह्याचा संरक्षण अधिकारी आहे, सखी केंद्र आहे, आणि १९८४ साली मुंबईत पोलीस आयुक्तालयात सुरू झालेल्या महिला व मुलांच्या विशेष सहाय्य कक्षाचा अनुभव आहे. माणसे आहेत, कायदा आहे. त्यांना एका खोलीत बसवणारा पुढाकार तेवढा हवा.

तो पुढाकार या गावाने घ्यावा, अशी विनंती करण्यासाठी आम्ही आलो. आपल्यापैकी जे नगरपालिकेत आहेत, त्यांनी ठराव मांडावा. ज्यांची दुकाने आहेत, त्यांनी तासाची मजुरी द्यावी. आणि आपण सर्वजण जी गिऱ्हाइके आहोत, त्यांनी पुढच्या वेळी खुर्चीवर बसाल तेव्हा त्या कारागिराला त्याचे नाव विचारावे. कित्येकांना दहा वर्षे केस कापून घेऊनही ते ठाऊक नसते. ज्याच्या नजरेकडून आपण एवढी अपेक्षा करतो, त्याच्याकडे आपणही एकदा नीट पाहिले पाहिजे.

 प्रश्न विचारायचे असतील त्यांनी अवश्य विचारावेत. आणि कोणाला चारचौघांत विचारायचे नसतील, त्यांच्यासाठी सभा संपल्यावर आम्ही आणि आमच्या संघटनेतल्या दोन भगिनी मागच्या दाराशी थांबणार आहोत.